सोळाव्या शतकातल्या पोरसवदा राण्यांचा इतिहास कसा वाचायचा

जेन ग्रे, मेरी ट्यूडर, एलिझाबेथ, मेरी स्टुअर्ट. नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात, कोणीतरी सिरीज बघून वाचायला घेतं, आणि मग पहिल्या पन्नास पानांतच तीन मेरी, चार हेन्री आणि अर्धा डझन ड्यूक असे एकमेकांत घुसतात की पुस्तक बाजूला पडतं. हा विषय सोडून देण्यासारखा अजिबात नाहीये म्हणून मी वाचताना जी पद्धत वापरते ती इथे सविस्तर लिहितेय. इंग्लंड आणि स्कॉटलंडवर जास्त आहे, फ्रान्स शेवटी थोडक्यात.

सगळ्यात आधी, सुरुवात इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याच्यापासून करू नका. सगळे तिथूनच करतात आणि त्याच्या सहा बायकांमध्येच दमून जातात, शिवाय मुली मग त्याच्या गोष्टीतली शेपटं बनून राहतात. सुरुवात करा 1553 च्या उन्हाळ्यापासून. कारण त्या दोन-तीन महिन्यांत सगळ्या जणी एकाच वेळी पटावर आहेत आणि धर्म, गादी, लग्न हे तिन्ही प्रश्न एकदम पेटलेत. तिथून मागे जायचं, मग पुढे यायचं.

एक वही घ्या किंवा फोनवर शीट उघडा. चार रकाने पाडा: तारीख, मुलीचं वय, त्या दिवशी सत्ता खरी कोणाच्या हातात होती, आणि सरकारी धर्म कोणता होता. वयाचा रकाना कंटाळा आला तरी सोडू नका, माझ्या मते सगळं त्यात आहे. पुस्तकात नुसतं लिहिलेलं असतं की राणीने अमुक कागदावर सही केली, आणि आपण मनात एक पोक्त बाई उभी करतो. शेजारी 15 हा आकडा लिहिला की तोच कागद वेगळा दिसायला लागतो.

1553 च्या जुलैचं पान असं होईल. राजा एडवर्ड सहावा, हेन्री आठव्याचा मुलगा आणि मेरी ट्यूडर, एलिझाबेथचा सावत्र भाऊ, वय 15, आजारी, 6 जुलैला ग्रीनिचला वारला. जेन ग्रे 16-17 ची, कारण तिची जन्मतारीख पक्की कुठेच नोंदलेली नाही. एलिझाबेथ 19. मेरी ट्यूडर 37, ही एकटीच मोठी. आणि मेरी स्टुअर्ट 10 वर्षांची, फ्रेंच दरबारात वाढतेय, पण स्कॉटलंडची राणी ती जन्मल्यापासून सहाव्या दिवशीच झालीये. सत्तेच्या रकान्यात जॉन डडली, नॉर्थम्बरलंडचा ड्यूक. धर्माच्या रकान्यात प्रोटेस्टंट, म्हणजे पोपच्या कॅथलिक चर्चपासून फुटलेला सुधारक ख्रिस्ती पंथ. एवढं एक पान भरलं की पुढचं निम्मं काम झालं समजा.

आता तीन मेरींचा गोंधळ. यावर उपाय सोपा आहे, कधीही नुसतं मेरी लिहू नका. मेरी ट्यूडर म्हणजे हेन्री आठव्याची थोरली मुलगी, कॅथरीन ऑफ अ‍ॅरॅगॉनची लेक, कॅथलिक. मेरी स्टुअर्ट म्हणजे स्कॉटलंडची राणी, हेन्रीच्या थोरल्या बहिणीची नात. मेरी ऑफ गीझ म्हणजे मेरी स्टुअर्टची फ्रेंच आई, जिने नंतर स्कॉटलंडचा कारभार पाहिला. आणि हेन्रीची धाकटी बहीण, ती पण मेरीच, तिची नात म्हणजे जेन ग्रे. म्हणजे बघा, जेन आणि मेरी स्टुअर्ट दोघी हेन्रीच्या एकेका बहिणीच्या नाती. हे नातं कागदावर झाडासारखं एकदा स्वतःच्या हाताने काढा, छापील वंशावळ बघून ते डोक्यात राहत नाही.

नात्याएवढाच कायदा महत्त्वाचा आहे आणि हा भाग बरेच लोक गाळतात. हेन्रीने आपल्या दोन्ही मुलींना पार्लमेंटकडून अनौरस ठरवून घेतलं होतं, आधी मेरी ट्यूडरला आणि 1536 मध्ये एलिझाबेथलाही. मग पुढच्या वारसा कायद्याने त्यांना गादीच्या रांगेत परत आणलं पण अनौरसपणाचा शिक्का तसाच ठेवला. ही अडचण लक्षात ठेवली की पुढचे सगळे डाव कळतात. ज्याला त्या दोघींना बाजूला सारायचंय त्याला निमित्त आयतं तयार होतं, धर्म न काढताही.

आणि आता तो कागद, ज्यासाठी मी 1553 पासून सुरुवात करा म्हणते. एडवर्डने स्वतःच्या हाताने आपल्यानंतर गादी कोणाला याचा मसुदा लिहिला, तो आजही लंडनला इनर टेम्पल या वकिलांच्या जुन्या संस्थेच्या लायब्ररीत आहे. पंधरा वर्षांच्या मुलाचं अक्षर. त्यात आधी लिहिलं होतं की गादी लेडी जेनच्या मुलग्यांना जावी, म्हणजे जेनला नाही, तिला पुढेमागे मुलगे झाले तर त्यांना. मग तब्येत ढासळली, आणि तेव्हा ना जेनला मुलगा होता ना दुसऱ्या कोणाला. तर तिथे खाडाखोड करून वरती दोन शब्द घुसवलेत आणि वाक्य झालं, लेडी जेनला आणि तिच्या मुलग्यांना. बास, एवढंच. त्या दोन शब्दांनी ती राणी झाली आणि त्याच दोन शब्दांनी सात महिन्यांनी तिचा जीव गेला. या कागदाचा फोटो शोधून जरूर बघा, तो बघितल्यावर पुस्तकातलं सगळं प्रकरण जमिनीवर येतं.

मे 1553 मध्ये जेनचं लग्न डडलीच्या मुलाशी, गिल्डफर्डशी लावलं होतं. 10 जुलैला ती राणी जाहीर झाली, 19 जुलैला लंडननेच मेरी ट्यूडरला राणी जाहीर केलं. मधल्या दिवसांत जेनने काय केलं हे मात्र नीट वाचा, कारण तिला नुसती बाहुली म्हणून मोकळं होणं सोपं आहे पण ते अर्धंच खरं आहे. गादी तिने मागितली नव्हती हे खरं, पण राणी झाल्यावर नवऱ्याला राजा करायला तिने नकार दिला, ड्यूक करीन म्हणाली, आणि कागदांवर राणी म्हणून सह्याही केल्या. 16-17 वर्षांची मुलगी, सासरा राज्यातला सगळ्यात ताकदवान माणूस, आणि तरी हा नकार. वहीत हे वेगळ्या रंगाने लिहा.

मेरी ट्यूडरची बाजूही तितकीच लक्ष देऊन वाचा. तिने नंतर प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं त्यावरून आपण तिला ओळखतो, पण त्या जुलैत ती पूर्व इंग्लंडमध्ये जवळजवळ एकटी होती, तिने कौन्सिलला पत्र धाडून गादी माझी म्हणून सांगितलं, फ्रॅमलिंगहॅमच्या किल्ल्यात लोक गोळा केले, आणि तिच्यामागे नुसते कॅथलिक नाही तर प्रोटेस्टंटही उभे राहिले कारण त्यांना हेन्रीची मुलगी हीच खरी वारस वाटत होती. इथेच एक सवय लावून घ्या. माणूस कोणत्या बाजूला गेला हे त्याच्या धर्मावरून आधीच ठरवू नका, प्रत्येक वेळी तपासा.

धर्माचं थोडं सावकाश घेऊया कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. 1534 मध्ये हेन्रीने पोपशी संबंध तोडले आणि स्वतः चर्चचा प्रमुख झाला, पण तो प्रोटेस्टंट झाला असं समजू नका, मास, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, चालूच होता, जुने बरेच विधी चालूच होते. त्याच्या राज्यात दोन्हीकडचे लोक मेले. 30 जुलै 1540 ला लंडनला स्मिथफील्डमध्ये एकाच दिवशी तीन कॅथलिकांना पोपला मानलं म्हणून राजद्रोही ठरवून मारलं आणि तीन प्रोटेस्टंटांना पाखंडी ठरवून जाळलं. मग 1547 ते 1553 एडवर्डच्या नावाने खरी प्रोटेस्टंट राजवट, इंग्रजीतलं प्रार्थनापुस्तक, 1549 चं. मग मेरी ट्यूडरने पुन्हा रोमशी जुळवून घेतलं, तिच्या काळात तीनशेच्या आसपास प्रोटेस्टंट जाळले गेले. मग 1559 मध्ये एलिझाबेथने परत तोडलं. म्हणजे 25 वर्षांत काल जे बोललं तर बक्षीस, आज तेच बोललं तर फाशी, असं चार वेळा झालं. एलिझाबेथ 1533 ची, तिचं सगळं वाढणं यातच झालं. म्हणून या मुली पत्रांमध्ये इतकं तोलून-मापून का लिहितात हा प्रश्न पडला की चौथ्या रकान्याकडे बघायचं.

पत्रांवर येते, हा माझा सगळ्यात आवडता भाग. प्रत्येक पत्राला तीन प्रश्न विचारा: अक्षर कोणाचं, ते पत्र आणखी कोणाकोणाच्या हातात पडणार आहे, आणि लिहिलं त्या दिवशी लिहिणारीला पुढचं काय माहीत होतं. तिसरा प्रश्न फार मोलाचा आहे. आपल्याला माहीत असतं की एलिझाबेथ पुढे 44 वर्षं राज्य करणार, तिला नव्हतं.

उदाहरण घ्या जानेवारी 1549 चं. एलिझाबेथ 15 वर्षांची, सावत्र आई कॅथरीन पार वारलेली, आणि त्या सावत्र आईचा नवरा टॉमस सीमोर राजद्रोहाच्या आरोपात अटकेत. एलिझाबेथने त्याच्याशी चोरून लग्न ठरवलंय असा संशय. तिची सांभाळणारी कॅट अ‍ॅश्ली टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत, घरात चौकशी करणारा माणूस येऊन बसलाय. अशात ती राज्य चालवणाऱ्या सॉमरसेटला, म्हणजे सीमोरच्याच भावाला पत्र लिहिते की मी गरोदर असल्याच्या अफवा उठल्यात, या लाजिरवाण्या खोट्या गोष्टी आहेत, मला दरबारात येऊ द्या म्हणजे लोक डोळ्यांनी बघतील. पंधराव्या वर्षी, वकील नाही, आई नाही, जवळची माणसं आत टाकलेली. तिच्याकडून कबुली निघाली नाही. सीमोरचं मार्चमध्ये डोकं उडवलं.

दुसरं पत्र मार्च 1554 चं. तोवर मेरी ट्यूडरने स्पेनच्या फिलिपशी लग्न ठरवलंय, त्याविरुद्ध वायटचं बंड झालंय, फसलंय, आणि त्या बंडाने जेनचाही बळी घेतलाय. तिला नोव्हेंबरमध्येच मृत्युदंड सुनावला होता पण मेरी तो अमलात आणत नव्हती, बापाने बंडात उडी घेतली आणि मग 12 फेब्रुवारीला जेन आणि गिल्डफर्ड दोघांना मारलं. आता पाळी एलिझाबेथची, वय 20. दोन सरदार तिला टॉवरला न्यायला व्हाइटहॉलला आलेत, होडी तयार आहे, आणि ती म्हणते मला आधी बहिणीला पत्र लिहू द्या. ती लिहीत बसली तोवर थेम्सच्या भरतीची वेळ टळून गेली, त्या दिवशी पुलाखालून होडी नेता येईना, तिला एक दिवस जास्त मिळाला. पत्र दुसऱ्या पानावर वरच्या बाजूलाच संपतं आणि खाली बरीचशी जागा मोकळी राहते, तर तिने त्या मोकळ्या जागेवर तिरक्या रेघा मारून ठेवल्यात, खालून कोणी आपल्या नावाने काही घुसडू नये म्हणून. अगदी खाली, सहीच्या वर, एकाच शब्दाचं तरी उत्तर द्या अशी विनवणी. मी सांगते, दहा पानांचं वर्णन वाचण्यापेक्षा त्या रेघा बघा. वरचं अक्षर आधी सुबक आहे आणि पुढे घाईचं होत जातं, तेही दिसतं. हा कागद ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहे आणि त्याचे फोटो सहज मिळतात.

दुसऱ्यांनी या मुलींबद्दल लिहिलेलं मात्र जरा चाळून घ्यावं लागतं. स्पेन आणि जर्मन मुलखांवर राज्य करणाऱ्या सम्राट चार्ल्स पाचव्याचा इंग्लंडमधला राजदूत शापुई याची पत्रं सगळे वापरतात, मीही वापरते, माहिती भरपूर आहे त्यात. पण चार्ल्स हा कॅथरीन ऑफ अ‍ॅरॅगॉनचा भाचा, त्यामुळे शापुई मेरी ट्यूडरच्या बाजूचा आणि अ‍ॅन बोलिनला, म्हणजे हेन्रीच्या दुसऱ्या बायकोला, एलिझाबेथच्या आईला, तो राणी म्हणायलाही तयार नाही. जून 1536 मध्ये मेरीला, वय 20, अशा कागदावर सही करायला लावली की आईबापांचं लग्न बेकायदा होतं आणि चर्चचा प्रमुख आपला बापच. आई जानेवारीतच वारली होती. मेरीने तो कागद न वाचताच सही केली असं शापुई कळवतो. कदाचित खरंच असेल, पण तो तिचं मन साफ होतं हे आपल्या मालकाला पटवायला बघतोय हे विसरू नका. तसंच जेनचं. त्या काळचा विद्वान रॉजर अ‍ॅस्कमने लिहिलेला तो प्रसिद्ध प्रसंग, घरचे सगळे शिकारीला गेलेत आणि ती एकटी ग्रीकमध्ये प्लेटो वाचत बसलीये आणि सांगतेय की आईबाप चिमटे काढतात, छळतात. भेट झाली 1550 ला, छापून आलं 1570 ला, तोवर जेन प्रोटेस्टंटांची हुतात्मा होऊन गेली होती. म्हणजे खोटं असं नाही, पण मधली वीस वर्षं धरून वाचा.

चित्रांचं पण तेच. जेनच्या मृत्यूचं डेलारोशचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पांढरा झगा, डोळ्यांवर पट्टी, अंधारी खोली. ते 1833 चं फ्रेंच चित्र आहे, घटनेनंतर जवळजवळ 280 वर्षांनी काढलेलं. प्रत्यक्षात ते टॉवरच्या आवारात उघड्यावर झालं आणि ती काळ्या कपड्यांत होती असं त्या काळच्या वृत्तांतात आहे. पट्टी बांधल्यावर मान ठेवायचा ठोकळा हाताने चाचपडत शोधणं मात्र त्याच वृत्तांतातलं आहे, ते चित्रकाराने रचलेलं नाही. असं एकेक तपासायचं.

मेरी स्टुअर्टसाठी नवीन पान घ्या आणि तिला एलिझाबेथची वैरीण म्हणून सुरू करू नका, त्या दोघी आयुष्यात एकदाही समोरासमोर भेटल्या नाहीत. वयाचा रकाना इथे अंगावर येतो. जन्म 8 डिसेंबर 1542, सहा दिवसांत राणी. सात महिन्यांची असताना तिचं लग्न पाच वर्षांच्या एडवर्डशी ठरवलेलं. स्कॉटिश पार्लमेंटने ते मोडलं तर इंग्रजांनी 1544 ला येऊन एडिनबरा जाळलं. पाचव्या वर्षी जहाजात बसवून फ्रान्सला. 15 व्या वर्षी फ्रान्सच्या युवराजाशी लग्न, आणि त्याआधी काही दिवस तिच्याकडून गुपचूप कागदांवर सह्या घेतल्या की आपण निपुत्रिक मेलो तर स्कॉटलंड फ्रान्सच्या राजाचं. उघड करारात मात्र स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची वचनं. या सह्यांबद्दल तिला दोष द्यायचा की मामांना, गीझ घराण्याच्या लोकांना, यावर वाद घालणारे आजही घालतात. माझं मत मामांकडे बोट दाखवतं. त्याच वर्षाच्या शेवटी मेरी ट्यूडर वारली आणि सासऱ्याने हिच्या चिन्हांमध्ये इंग्लंडचंही राजचिन्ह घालायला लावलं, एलिझाबेथ ते कधीच विसरली नाही.

18 व्या वर्षी विधवा होऊन ती ऑगस्ट 1561 ला लीथ बंदरात उतरली, तेव्हा देश वर्षभरापूर्वीच पार्लमेंटने प्रोटेस्टंट केलेला. कॅथलिक राणी, प्रोटेस्टंट देश. पहिल्याच रविवारी एडिनबराच्या होलीरूड राजवाड्यातल्या तिच्या खाजगी मासवरून दंगा झाला आणि दुसऱ्या दिवशी तिने जाहीरनामा काढला की धर्माची जी स्थिती मी आल्यावर पाहिली त्यात कोणी बदल करू नये, आणि माझ्या माणसांना कोणी त्रास देऊ नये. हा तोडगा चार वर्षं चालला, हे लोक विसरतात आणि एकदम तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या, डार्न्लीच्या खुनावर उडी मारतात. ती चार वर्षं आधी वाचा, तिच्यावर राज्य न जमल्याचा शिक्का मारायच्या आधी. प्रोटेस्टंट धर्मोपदेशक जॉन नॉक्स तिच्याविरुद्ध चर्चमधून बोलत होता, ती त्याला बोलावून वाद घालत होती. त्या भेटींचं वर्णन नॉक्सनेच लिहून ठेवलंय, एवढं ध्यानात असू द्या.

त्यानंतरचं सगळं भराभर आहे. 1565 डार्न्लीशी लग्न, मार्च 1566 ला पोटुशी असताना डोळ्यांसमोरून सेक्रेटरी रिझिओला ओढून नेऊन मारलं, जूनमध्ये मुलगा जेम्स झाला, फेब्रुवारी 1567 ला डार्न्लीचा खून, मेमध्ये स्कॉटिश सरदार बॉथवेलशी लग्न, जुलैमध्ये लॉकलेव्हन किल्ल्याच्या कैदेत राजत्याग. वय 24. तिने बॉथवेलला लिहिली म्हणून तिच्याविरुद्ध वापरलेल्या त्या पेटीतल्या पत्रांच्या (इंग्रजीत कॅस्केट लेटर्स) मूळ प्रती हरवल्यात, फक्त नकला आणि भाषांतरं उरलीत, त्यामुळे त्यांच्यावर पैज लावून कोणी काही सांगत असेल तर सावध राहा. उलट 2023 ला तिची पन्नासहून जास्त सांकेतिक पत्रं उलगडली, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ती इटालियन कागद म्हणून नोंदवून पडली होती. पुढे ती पळून इंग्लंडला गेली आणि एलिझाबेथच्या कैदेत राहिली, त्या वर्षांबद्दल वाचणार असाल तर 2023 नंतरचं लिखाण बघा.

तारखांची एक अडचण सांगते, नाहीतर वही चुकेल. इंग्लंडमध्ये तेव्हा सरकारी वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणून जेनच्या मृत्यूचं साल जुन्या कागदांत फेब्रुवारी 1553 दिसतं, आपण 1554 म्हणतो. आणि 1582 नंतर फ्रान्स-स्पेन नव्या कॅलेंडरवर गेले, इंग्लंड नाही, म्हणून मेरी स्टुअर्टचा मृत्यू इंग्लंडमध्ये 8 फेब्रुवारी 1587 आणि तिकडच्या कागदांत 18 फेब्रुवारी. जानेवारी ते मार्चमधली कुठलीही तारीख दोनदा तपासा.

फ्रान्स नंतर घ्या, पण घ्याच, आणि तिथे जान दाल्ब्रेपासून सुरू करा. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या नवार या छोट्या राज्याची राजकन्या, 1541 ला 12 वर्षांची असताना मामाने, म्हणजे राजा फ्रान्सिस पहिल्याने, तिचं लग्न क्लीव्हजच्या ड्यूकशी लावलं. तिने लेखी निषेध नोंदवला, घरातल्या माणसांच्या साक्षीच्या सह्या घेतल्या, की हे माझ्या मनाविरुद्ध होतंय. लग्नाच्या दिवशी ती चालत जाईना तेव्हा तिला उचलून नेलं. चार वर्षांनी राजकारण फिरलं आणि त्याच कागदांच्या आधारावर लग्न रद्द झालं. पुढे हीच बाई 1560 च्या ख्रिसमसला उघडपणे प्रोटेस्टंट झाली. तिच्या मुलाचं, हेन्रीचं, लग्न 18 ऑगस्ट 1572 ला फ्रान्सच्या राजाच्या 19 वर्षांच्या कॅथलिक बहिणीशी, मार्गरीत द व्हाल्वाशी पॅरिसला झालं आणि सहा दिवसांत सेंट बार्थोलोम्यूची, म्हणजे प्रोटेस्टंटांची कत्तल. मार्गरीतच्या स्वतःच्या आठवणी लिहिलेल्या आहेत, त्यात एक जखमी माणूस जीव वाचवायला तिच्या शयनगृहात घुसून तिला घट्ट धरतो तो भाग आहे. इथे तीन प्रश्नांतला दुसरा आधी विचारा, कारण तिने हे बऱ्याच वर्षांनी, वाचणारे कोण असतील हे डोक्यात ठेवून लिहिलंय. आणि फ्रान्समध्ये हेन्री नावाचे तिघं एकाच वेळी लढतायत, तेव्हा तिथेही नुसतं हेन्री लिहू नका.